चटणीच्या पुडीवरची रंगाची शेड

आम्ही शिरवळहून बोलतोय. मागच्या वेळी गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो, आज जरा वेगळा विषय आहे. आपल्या मसाल्याच्या, पापडाच्या, लोणच्याच्या पुडीवर जे लेबल लागतं, त्याच्या मागच्या रंगाबद्दल बोलायचंय. वर पिवळा, खाली लाल आणि मधे कुठं एक संपला, दुसरा लागला ते कळत नाही, असा रंग तुम्ही पाहिला असेल. आपल्याकडं त्याला नुसतं ‘शेड’ म्हणतात. कॉम्प्युटरच्या भाषेत ‘ग्रेडियंट’. डीटीपीवाले कोरल वापरतात, त्यात ‘फाउंटन फिल’ असं नाव आहे. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स आठवा, त्यातल्या बहुतेकांच्या मागं हीच शेड असते.

ही शेड आम्हाला पाच हजार रुपयांना पडली. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या गटाचा कांदा-लसूण मसाला आहे. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला नायगावात मोठी गर्दी होते. नायगाव आमच्याच खंडाळा तालुक्यातलं. तिथं विकायला म्हणून नवं लेबल करायचं ठरलं. गटातल्या एका वहिनींनी पुढाकार घेतला, लेबल करून घेतलं. वर भडक लाल, खाली जाता जाता काळा. मोबाइलवर पाहिलं तर काय झकास दिसत होतं! आम्ही सगळ्यांनीच माना डोलावल्या. दोन हजार लेबलं छापली, एक अडीच रुपयाला.

छापून आल्यावर खालचा निम्मा भाग नुसता काळपट. त्यावर गडद लाल अक्षरात वजन, किंमत, तारीख. आमच्या आक्का सत्तरीच्या, त्यांनी पुडी उन्हात धरली, लांब केली, जवळ आणली आणि म्हणाल्या, “आगं, हितं काय लिवलंय का न्हाई? मला तर काय बी दिसंना.” आम्ही हसलो. आठ दिवसांनी दुकानदारानं चाळीस पुड्या परत पाठवल्या. गिऱ्हाईक किंमत विचारतंय आणि पुडीवर ती वाचता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचं खरंच होतं. नियमही तसाच आहे, वजनाचे आणि किमतीचे आकडे मागच्या रंगावर ठळक उठून दिसले पाहिजेत.

त्या महिन्याची बैठक आम्हाला अजून आठवते. पाच हजार म्हणजे आमच्या दोन महिन्यांच्या बचतीपेक्षा जास्त. सगळ्यांनी मिळून त्या वहिनींनाच धरलं. त्या पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. खरं तर माना आम्ही सगळ्यांनी डोलावल्या होत्या. मग आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो, चहा झाला आणि ठरलं की लेबल आता आपणच शिकून करायचं. त्यांच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर होता, तिथंच बसायचं.

आम्ही ‘गिंप’ नावाचा प्रोग्राम घेतला. तो फुकट मिळतो, चोरीचा नाही, मुळातच फुकट. 1995 साली अमेरिकेत बर्कलीला शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन पोरांनी त्याचं काम सुरू केलं, आणि आज जगभरचे लोक मिळून तो चालवतात.

शेड म्हणजे काय ते रांगोळीवरून पटकन कळतं. गडद गुलाबीकडून फिक्याकडं जायचं असेल तर आपण रंगात पांढरी रांगोळी थोडी थोडी वाढवत जातो. हाताला फार तर सहा-सात पायऱ्या जमतात. कॉम्प्युटर हेच करतो. त्याच्याकडं लाल, हिरवा आणि निळा असे तीन डबे असतात आणि प्रत्येक डब्यात 0 पासून 255 पर्यंत मापं. आमचा हळदीचा पिवळा म्हणजे लाल 240, हिरवा 180, निळा 0. मिरचीचा लाल म्हणजे लाल 170, हिरवा 20, निळा 10. या दोघांच्या बरोबर मधे काय येईल? सरासरी काढा: 205, 100 आणि 5. हा झाला नारिंगी, तेलात परतलेल्या मसाल्यासारखा. तो आम्ही निवडला नाही, आपोआप आला.

पण दर वेळी मधला रंग असा देखणा येत नाही. आम्ही हौसेनं निळा आणि पिवळा घेतला तर मधे राखाडी पट्टा आला, जणू भांडी घासलेलं पाणी. हिशेब केल्यावर कळलं. निळा 0, 0, 255 आणि पिवळा 255, 255, 0. तिन्ही डब्यांची सरासरी सारखीच येते, आणि तिन्ही सारखे झाले की राखाडीच होतो. अशा वेळी मधे आपल्या पसंतीचा तिसरा रंग घालायचा.

आता हाताने कसं करायचं ते. लेबल तीन इंच रुंद आणि चार इंच उंच असेल तर नवीन चित्र 900 बाय 1200 ठिपक्यांचं घ्या. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात. नुसतं मोबाइलवर पाहून लहान चित्र केलंत तर छापताना फाटल्यासारखं दिसतं. मग एक नवा लेयर घ्या. लेयर म्हणजे पोळपाटावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद समजा. शेड एका कागदावर, अक्षरं दुसऱ्यावर, म्हणजे शेड बदलली तरी अक्षरांना धक्का नाही. हे सुरुवातीला आम्ही केलं नाही आणि तीनदा सगळं पुन्हा टाइप केलं.

डाव्या बाजूच्या दोन रंगांच्या चौकटीत पिवळा आणि लाल भरा. ग्रेडियंटचं हत्यार घ्या, कीबोर्डवर इंग्रजी जी दाबलं तरी मिळतं. माऊसनं वरून खाली रेघ ओढा. रेघ जिथं सुरू तिथं पहिला रंग, जिथं संपते तिथं दुसरा. रेघ आखूड ओढली तर रंग झटकन बदलतो, लांब ओढली तर सावकाश. वाकडी ओढली तर शेडही वाकडी, म्हणून कंट्रोलचं बटण दाबून ओढा. आकार बदलून ‘रेडियल’ घेतला तर रंग मधून बाहेर पसरतो, निरांजनाच्या उजेडासारखा. मसाल्याला नाही, पण दिवाळीच्या उटण्याच्या पाकिटाला तो आम्हाला फार आवडला.

रेघ ओढून झाली की लगेच एंटर दाबू नका. 2018 साली गिंपची 2.10 ही आवृत्ती आली, तेव्हापासून ती रेघ चित्रावर जिवंत राहते. टोकं धरून सरकवता येतात, रेघेवर मधे टिचकी मारून नवा रंग घालता येतो आणि तो पुढंमागं करता येतो. आम्ही तो नारिंगी थोडा वर सरकवला तेव्हा लेबलाला तेज आलं. मनासारखी शेड जमली की ग्रेडियंटच्या यादीत तिची नक्कल करून नाव द्या. आमच्या शेडचं नाव ‘आक्का’ आहे. पुढच्या वर्षी पापडाच्या लेबलाला तीच वापरता येईल.

एक खोड मात्र कळायला आम्हाला वेळ लागला. दोन रंग फारच जवळचे घेतले तर शेड गुळगुळीत येत नाही, पट्टे दिसतात. वीस पायऱ्यांचा फरक हजार ठिपक्यांवर पसरला तर एकेक पायरी पन्नास ठिपक्यांची होते, ती डोळ्याला दिसणारच. हत्याराच्या पर्यायांत ‘डिदरिंग’ असतं, ते चालू ठेवलं की पट्ट्यांच्या कडा ठिपक्यांनी मोडतात.

ठिपक्यांची ही युक्ती जुनीच आहे बरं का. आपल्या आज्जीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर आठवा. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा आणि देवीच्या गालावरची, आभाळावरची शेड बारीक ठिपके दाट-विरळ करून उतरायची. आजचं मशीनही निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा या चार शायांचे ठिपकेच टाकतं. म्हणून पडद्यावरचा भडक रंग कागदावर थोडा मरतो आणि गडद भाग आणखी गडद होतो. आमचं लाल-काळं तसंच फसलं होतं.

तेव्हा आता आम्ही दोन गोष्टी केल्याशिवाय ऑर्डर देत नाही. पहिली, त्याच मापाचा एकच नमुना छापून घ्यायचा, दहा-वीस रुपये जातात ते जाऊ द्या. दुसरी, त्या नमुन्याची साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढायची. रंग निघून गेल्यावर अक्षर वाचता आलं तर लेबल पास. लाल रंगावरचं गडद हिरवं अक्षर या परीक्षेत हमखास नापास होतं. आणि वजन, किंमत, तारीख, अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका यांच्यामागं शेड आणायचीच नाही. खाली सपाट पांढरी पट्टी सोडायची. शेड वर नावामागं मिरवू दे.

फाइल दोनदा ठेवा. एक गिंपची स्वतःची, ज्यात लेयर सुटे राहतात, आणि एक छापायला द्यायची. पहिली आपल्याच पेन ड्राइव्हमध्ये, कुणाच्या दुकानात नाही. पूर्वी किंमत दोन रुपयांनी बदलायची तरी आम्ही दुकानात ताटकळत बसायचो.

नवं लेबल दिवाळीच्या आधी लागलं. ते त्याच वहिनींनी केलं आणि नमुना आधी आक्कांकडं गेला. आक्कांनी चष्मा न लावता किंमत वाचली आणि म्हणाल्या, “साठ रुपयं? लई लावलीय.” त्यावर अजून वाद चालू आहे. जुनी लेबलं मागून कोरी आहेत, बैठकीची हजेरी आम्ही त्यांच्यावरच लिहितो, अजून सातशे-आठशे तरी शिल्लक असतील.

ज्या गटांना शिकायचंय त्यांनी दोघी-दोघी या. येताना आपलं आत्ताचं लेबल लावलेली एक पुडी, त्याची झेरॉक्स आणि रिकामा पेन ड्राइव्ह आणा. दुपारी दोननंतर या, सकाळी आम्ही कांडपावर असतो.