बाड जपा, बाड वाचा
(शताब्दी सप्ताहातील भाषण)



मी चौथी शिकलेला शेतकरी. पण कागद जपायला शिक्षण लागत नाही, हात हलका लागतो.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तरल्या, हे आपण दर बीजेला सांगतो. ती देवाची करणी. पण टाळकरी संताजी जगनाडे यांनी अभंग वहीत उतरून ठेवले, ही माणसाची सेवा. आपल्या दिंडीची बाडं अशीच सेवा आहेत. कोणत्या मुक्कामी कोणतं भजन, विणा कुणाकडं, पंगत कुणाची, हे दुसरीकडं कुठं छापलेलं नाही. पान गेलं की तेवढी दिंडी गेली.

काहीजण म्हणतात, बाड पूजेतलं आहे, हात लावू नका. पोरं म्हणतात, स्कॅन करू. माउली, गंध, ओली फुलं, निरांजनाचं तेल यांनीही कागद खराब होतो. स्कॅन जरूर करा, पण रीतीनं.

आधी कोणतं करायचं? सगळ्यात जुनं तेच नाजूक असतं, असं नाही. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा जुना हातकागद दमदार असतो. त्यानंतरचा गिरणीचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. तो आतल्या आम्लानं पिवळा पडून पापडासारखा मोडतो. त्याला पहिला नंबर द्या.

कागद आपोआप आत ओढणाऱ्या यंत्रात जुनं पान घालू नका. शिवलेलं बाड काचेवर उपडं दाबलं तर शिवण तुटते. त्याचा वरून फोटो घ्यावा. बाड सुखानं उघडेल तेवढंच उघडा, दोन्ही अंगांना कापडाच्या गुंडाळ्यांचा आधार द्या. मोबाईल स्टँडला लावून पानावर सरळ धरा. फ्लॅश नको, ऊन नको. दोन्हीकडून सारखा मंद उजेड हवा. शेजारी मोजपट्टी ठेवा. कोरी पानं आणि पुठ्ठासुद्धा घ्या, आकडे क्रमानं टाका.

हात धुऊन कोरडे करा. पान उलटायला थुंकी लावू नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं काढा. ओलं फडकं लावाल तर काजळाची शाई पसरेल. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी नको. तिचा गोंद पुढं पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही.

स्कॅन तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक गावाबाहेर. भजनाला छापील प्रत वापरा. मूळ बाड धुतलेल्या सुती रुमालात, भिंतीची ओल आणि वाळवी लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. पावसाळा सरला की एकदा उघडून बघा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ टाकू नका. फोटोत अक्षर येतं. कागद, शाई, शिवण येत नाही.

पुढच्या शंभरीला कुणी विणेकरी ते बाड उघडेल. त्याच्या हाती पान यावं, भुगा येऊ नये, एवढीच विठ्ठलाजवळ मागणी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!