विचारायचं कुणाला?

(सामुदायिक रेडिओवरून सांगितलेलं भाषण)

जेवणं उरकली असतील. कुणाची भांडी राहिली असतील तर रेडिओ ओट्यावर ठेवा आणि हात चालू द्या. आज मी व्याजाचा हिशोब सांगणार नाही की बँकेच्या कागदांचं बोलणार नाही. आज बोलायचंय ते शरीराबद्दल, वयात येण्याबद्दल, नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल. घरात सासू-सासरे असतील, पोरं असतील, तरी रेडिओ बंद करू नका. वावगं काही बोलणार नाही, पण आडपडदाही ठेवणार नाही.

सुरुवात माझ्या घरापासून करते. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा थोरला तेव्हा सातवीत होता. रात्री जेवताना टीव्हीवर पॅडची जाहिरात लागली. त्यानं विचारलं, "आई, हे कशाला असतं गं? आणि त्यावर निळं पाणी का ओततात?" समोर सासरे बसलेले. मी म्हटलं, "गप जेव."

पंधरा दिवसांनी मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. समाजमंदिराच्या मागं चार पोरं एका मोबाइलवर वाकलेली. मला बघितलं आणि पांगली. त्यात माझाही होता. घरी आल्यावर आधी रागच आला. मग वाटलं, मारायचं कुणाला? त्यानं आधी मलाच विचारलं होतं. मी दार लावलं, तो दुसऱ्या दाराला गेला.

मी दहा गटांचं काम बघते. बी.ए. झालेय. "कर्ज का नाकारलं ते लेखी द्या" असं बँकेच्या साहेबांना सांगताना माझी जीभ अडखळत नाही. आणि माझ्याच पोराच्या प्रश्नाला माझ्याजवळ दोनच शब्द होते.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर मी हे सगळं सांगून टाकलं. आणि विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" आधी सगळ्या हसल्या. मग एक ताई म्हणाली, "पाळी आली तेव्हा आई म्हणाली, बाजूला बस. का, ते सांगितलंच नाही. मला वाटलं, मला काहीतरी लागलंय, मी मरणार." दुसरी म्हणाली, "लग्नाच्या आदल्या रात्री मावशी एवढंच बोलली, नवरा म्हणेल तसं वाग, ओरडू नको." तिसरी काहीच बोलली नाही, नुसती मान खाली घालून बसली. नवरे कुठून शिकले असतील, हाही प्रश्न निघाला. मित्रांकडून, पानपट्टीवर, नाहीतर पिक्चरमधून. म्हणजे दोघंही अंधारातच.

मग आम्ही एक डबा ठेवला. ज्याला जो प्रश्न पडलाय तो चिठ्ठीवर लिहून टाकायचा, नाव घालायचं नाही. लिहिता येत नाही तिनं माझ्या कानात सांगायचा. महिन्याभरात एकवीस चिठ्ठ्या आल्या. त्या वाचून मला एक गोष्ट कळली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी मिळत नाहीत. पिठाला गिरणी आणि औषधाला दवाखाना, तसंच इथंही कुठला प्रश्न कुठं न्यायचा हे ठाऊक पाहिजे. त्यातल्या पाच चिठ्ठ्या आज सांगते.

पहिली चिठ्ठी : "मला तीन मुलीच. दोष माझा आहे का?" याचं उत्तर घरातच आहे, पोरांच्या दप्तरात. बाईच्या बीजात फक्त एक्स गुणसूत्र असतं. पुरुषाच्या शुक्राणूत एक्स असतं किंवा वाय. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. बाईच्या हातात त्यात काही नाही, आणि पुरुषानंही ते ठरवून केलेलं नसतं. मग दोष कुणाचाच नाही. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या आपल्या बालभारतीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. गर्भाशय कुठं असतं, पाळी कशी येते, गर्भ कसा राहतो, चित्रांसकट दिलंय. पण पुष्कळ वर्गांत त्या धड्याला "घरी वाचा" म्हणतात. म्हणून म्हणते, खरंच घरी वाचा. लेकीला मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही ऐका. त्या बाईनं पुस्तक नवऱ्यापुढं धरलं. तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून टोमणे थांबले, असं तिनं सांगितलं.

दुसरी चिठ्ठी : "अंगावरून पांढरं जातं. पिशवी काढावी लागेल का?" हा प्रश्न दवाखान्याचा. थोडं पांढरं किंवा पाण्यासारखं जाणं हे निरोगीपणाचं असतं, पाळीच्या मधल्या दिवसांत ते वाढतंही. पण घाण वास आला, खाज सुटली, रंग पिवळा-हिरवा झाला, दह्यासारखं जाऊ लागलं किंवा ओटीपोटात दुखलं, तर तपासून घ्यायचं. बहुतेक वेळा ते गोळ्यांनी बरं होतं. काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा तेच. नुसत्या पांढरं जाण्यासाठी पिशवी काढायची नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. सरकारी समितीनं केलेल्या पाहणीत तेरा हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यामागं उचलीचं ओझं होतं, मजुरी बुडण्याची भीती होती, लुबाडणारे दवाखाने होते. आणि आपल्या शरीराची माहिती नसल्यामुळं समोरच्याला उलट विचारता आलं नाही, हेही होतं. म्हणून आधी आशाताईला विचारा, उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारा. ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

तिसरी चिठ्ठी एका आईची : "मुलगा सोळा वर्षांचा आहे. रात्री चड्डी ओली होते म्हणून घाबरलाय. भिंतीवरच्या जाहिरातीतल्या गुप्तरोगवाल्याला पैसे देऊन आला." अहो, वयात येताना झोपेत वीर्य जाणं ही मुलींच्या पाळीइतकीच साधी गोष्ट आहे. वीर्य म्हणजे रक्ताचा अर्क नव्हे. हस्तमैथुनानं कुणी वाळत नाही, आंधळा होत नाही, पुढं मूलबाळ व्हायला अडचण येत नाही. अशा 'ताकदी'च्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. तिथं पैसे पडत नाहीत आणि गोष्ट बाहेर जात नाही. आपल्याकडं ते कोणत्या दिवशी असतं, ते आशाताईला विचारून ठेवा.

पत्रं लिहून असे प्रश्न विचारायची रीत आपल्या मराठीत जुनी आहे बरं का. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या कामापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक त्यात असेच प्रश्न विचारत आणि ते सरळ उत्तर देत. त्यावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोर्टानं दंड केला, तो कर्व्यांनी भरला आणि मासिक चालूच ठेवलं. आपल्या एका साध्या उत्तरासाठी कुणीतरी एवढं सोसलंय, ते आपण विसरायला नको.

चौथी चिठ्ठी : "लग्नाच्या पहिल्या रात्री रक्त आलं नाही. नवरा अजून बोलून दाखवतो." पुष्कळ बायकांना पहिल्या वेळी रक्त येत नाही. पडदा जन्मापासूनच प्रत्येकीचा वेगळा असतो. कुणाचा लवचीक, कुणाचा अगदी थोडा. त्याच्याकडं बघून बाईचा संबंध आला की नाही, हे डॉक्टरलासुद्धा सांगता येत नाही. पण गंमत बघा, ही चूक डॉक्टरांच्या पुस्तकांतसुद्धा होती. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्यावर आवाज उठवला. २०१९ साली आपल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं 'कौमार्याच्या खुणा' हा भाग अभ्यासक्रमातून काढून टाकला. म्हणजे छापलेलं आहे म्हणून खरंच असेल असं नाही. पुस्तकालाही प्रश्न विचारायचा.

आता मोबाइलकडं येते. पोरं जे चोरून बघतात ते शिकवण्यासाठी केलेलं नसतं. ती माणसं पैसे घेऊन नाटक करतात. त्यात कुणी कुणाला विचारत नाही, "तुला चालेल का?" कुणी थांबत नाही, कुणी निरोध वापरताना सहसा दिसत नाही. ते बघून पोरगा शिकला तर त्याला वाटतं, बाई अशीच असते. सिनेमातली मारामारी बघून कुस्ती येत नाही, तसंच हे. मोबाइलवर डॉक्टरांचं चांगलंही ऐकायला मिळतं. पण निवडायचं कसं? आम्ही गटात तीन प्रश्न ठरवलेत. सांगणारा मला काही विकतोय का? मला उलट विचारता येतं का? ऐकून माझी भीती आणि लाज वाढली, की मला समज आली? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं, दुसऱ्याचं 'नाही' आलं, नाहीतर नुसती भीतीच वाढली, तर तिथून उठायचं.

पाचवी चिठ्ठी मी मुद्दाम शेवटी ठेवलीय. "माझं मन नसताना त्यांना नाही म्हटलं तर पाप लागतं का?" अक्षर गिचमिड होतं, पुसून पुसून लिहिलेलं. ही चिठ्ठी दहावीच्या पुस्तकात नेता येत नाही, गोळ्यांनी बरी होत नाही. मी वाचली आणि बैठकीत शांतता पसरली. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी बोलली, "पाप कसलं गं? भूक नसताना कुणी घास कोंबला तर उलटी होते." त्यानंतर एकेक बाई बोलायला लागली. कुणी म्हणाली, मी नाही म्हणते आणि ते ऐकतात. कुणी म्हणाली, मला आवडतं, पण तसं बोलायची सोय नाही. कुणी रडली. जबरदस्ती होत असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळही येतो, संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं, हे मी सांगितलं. पण त्या दिवशी कायद्याच्या आधी बायकांच्याच बोलण्यानं धीर दिला. इच्छा, नकार, आवड, दुखणं, हे ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशी बोलूनच कळतं.

राजस्थानातल्या खेड्यातल्या बायकांनी हे आपल्या आधी केलंय. सुमारे पंचाहत्तर जणींनी मिळून आपल्या शरीराचं पुस्तक तयार केलं, 'शरीर की जानकारी'. १९८९ मध्ये दिल्लीच्या काली फॉर विमेन प्रकाशनानं ते छापलं. आधी त्यांनी उघड्या शरीराची चित्रं काढली होती. गावातले लोक म्हणाले, अशी उघडी बाई गावात कधी दिसते का? मग बायकांनी युक्ती केली. चित्रातल्या बाईला कपडे घातले आणि कागदाचा पदर केला. तो उचलला की आतलं शरीर दिसतं. लाजही राहिली, ज्ञानही मिळालं. ते काम कुणी मोठ्या शास्त्रज्ञांनी केलं नव्हतं. आपल्यासारख्याच बायका होत्या.

आता माझ्या पोराचं सांगते. एका रविवारी त्याला शेतात घेऊन गेले. भुईमुगाच्या शेंगा तोडता तोडता बोलले. समोर बघून बोलायला दोघांनाही जड गेलं असतं, हाताला काम होतं म्हणून जमलं. म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलंस ते चूक नव्हतं, माझं उत्तर चूक होतं." पाळी म्हणजे काय ते सांगितलं. निळं पाणी का, तर जाहिरातवाल्यांनाही रक्त दाखवायची लाज वाटत असणार, असं म्हटलं, तर हसला. तुझ्या शरीराला तुझ्या मर्जीविरुद्ध कुणी हात लावला, मग तो घरातला असो की शाळेतला, तर मला सांगायचं, मी तुझ्यावरच विश्वास ठेवीन, असंही सांगितलं. मला सांगायचं धाडस झालं नाही तर १०९८ हा मुलांचा मोफत नंबर पाठ कर म्हटलं. मग त्यानं एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला येईना. मी म्हटलं, "माहीत नाही. आशाताईला विचारून सांगते." आणि विचारून सांगितलं. मला वाटतं, त्या दिवशी त्याला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, की आई 'माहीत नाही' म्हणाली, पण 'गप' म्हणाली नाही.

तर सख्यांनो, या महिन्यात एवढं करा. हप्त्याच्या पेटीशेजारी एक रिकामा डबा ठेवा. चिठ्ठ्या जमल्या की आशाताईला, सिस्टरला बैठकीला बोलवा. त्या येतात, आपण बोलवत नाही. आणि आज-उद्या घरात कुणी पोरानं काही विचारलं, तर लगेच उत्तर आलं नाही तरी चालेल. "चांगलं विचारलंस, रात्री सांगते" एवढं म्हणा. आणि रात्री सांगा.

भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.