हात वर करण्याआधी



तुमच्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक सचिवांनी मघाशी मला एक गोष्ट सांगितली. तालमीच्या सभागृहावरून नाटकवाले आणि नृत्यवाले हटून बसले होते. दोघांनाही संध्याकाळी सहाचीच वेळ हवी होती. मतदान झालं असतं तर नृत्यवाले जिंकले असते, कारण त्यांची संख्या जास्त. पण कोणीतरी विचारलं, ‘सहाच का?’ तेव्हा कळलं की नाटकातल्या दोघांची शेवटची एसटी साडेसातची, आणि नृत्यवाल्यांना सभागृहापेक्षा तिथली साऊंड सिस्टीम हवी होती. ती जिमखान्यात हलवली आणि भांडण मिटलं. ज्याने तो प्रश्न विचारला, त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मतं मोजण्याआधी असं ऐकून घेण्याची रीत एका गावाने पाळली आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे ते छोटं गोंड गाव. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. सगळ्यांचं पटेपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा असं माझं ठाम मत आहे. मतदानात हरलेला माणूस सभेतून उठून जातो, पण गावातच राहतो. जंगल राखायचं की चोरून तोडायचं, हे उद्या त्याच्याही हातात असतं.

या गावाने आणखी एक शहाणपण दाखवलं. विषय समजून घ्यायला अभ्यासगट ठेवला. कायदा काय सांगतो, जंगलाचं काय होईल, यावर तिथे मोकळेपणाने बोलायचं. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही, तो ग्रामसभेचा. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं जपली. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना अडला होता. गाव एका आवाजात मागत राहिलं आणि 2011 च्या एप्रिलमध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावात दोन तट असते, तर एवढं ताणून धरता आलं नसतं.

नव्या विद्यार्थी मंडळाला माझी विनंती आहे. सहलीचा विषय निघाला की पहिल्याच बैठकीत हात वर करायला सांगू नका. ती बैठक फक्त ऐकण्यासाठी ठेवा. जो गप्प बसला असेल त्याला नंतर बाजूला घेऊन विचारा, कारण पैशांची अडचण कोणी चारचौघांत बोलून दाखवत नाही. त्याचं म्हणणं कळल्यावरच ठिकाण ठरवा.