तीनचा क्यूब झाला, आता चारचा

आमच्या बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये हँगिंग ब्रिजपाशी शाळेची बस अडकली, की मुलांच्या दप्तरांतून रुबिक क्यूब बाहेर येतात. ब्रिज ओलांडेपर्यंत कोणाचा तरी सुटलेलाही असतो! मग घरी मागणी येते, "बाबा, आता फोर बाय फोर घ्या ना."

आईबाबांना वाटतं, एक ओळ वाढली, त्यात काय मोठंसं? पण ती ओळच सगळं बदलते. बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली केलेल्या तीनच्या क्यूबमध्ये प्रत्येक बाजूचा मधला चौकोन जागचा हलत नाही. पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर केशरी. कोणता रंग कुठे, हे क्यूबच सांगतो. चारच्या क्यूबला असा मधला चौकोनच नाही. प्रत्येक बाजूच्या मध्यभागी चार सुटे तुकडे, एकूण २४. रंगांचा क्रम आपल्या डोक्यात हवा. निळ्याहिरव्याची अदलाबदल झाली, तर पुढे कोपरे काही केल्या बसत नाहीत.

सर्वांत प्रचलित रीत अशी : आधी मधले भाग जुळवायचे, मग कडांच्या २४ तुकड्यांच्या १२ जोड्या लावायच्या. एवढं झालं, की फक्त बाहेरचे थर फिरवून तो तीनच्या क्यूबसारखाच सोडवायचा.

आणि इथेच पोरं रडकुंडीला येतात. सगळं जुळतं, शेवटच्या थरात एकच कड उलटी राहते. तीनच्या क्यूबमध्ये हे होऊच शकत नाही, म्हणून मुलं तो बिघडला समजून खोलायला घेतात. खोलू नका! आतल्या थराच्या प्रत्येक पाव फेऱ्याला कडांचे चार तुकडे जागा बदलतात. असे फेरे एकूण विषम झाले, की ही उलटी कड उरते. साधारण निम्म्या वेळा हे घडणारच. मुलं त्याला पॅरिटी म्हणतात. त्यावर एक लांबलचक अल्गोरिदम आहे, तो मात्र सरळ पाठ करावा.

मधल्या भागांचं तसं नाही. तिथे पाठांतर फारसं कामाला येत नाही, नजर लागते. माझ्या मते चारच्या क्यूबची खरी गंमत तिथेच आहे. तेव्हा पालकहो, मूल कागद न बघता तीनचा सोडवत असेल, तरच चारचा आणा. आणि निदान तो पहिला टप्पा तरी व्हिडिओ न लावता त्याचं त्याला करू द्या.