जुने जीवन टाका, त्याचा पुरावा टाकू नका

(शिक्रापूर येथे भरलेल्या बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



धम्माविषयी बोलण्यास माझ्याहून अधिक अधिकारी माणसे ह्या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी वकील आहे आणि माझा सारा दिवस कागदांत जातो. म्हणून मी आपणांपुढे कागदाचाच विषय घेऊन उभा आहे. आपल्या घराघरांत जे जुने दाखले, उतारे, पत्रे आणि छायाचित्रे पडून आहेत, आणि आपल्या वृद्ध माणसांच्या तोंडी ज्या हकिकती आहेत, त्यांचे जतन मोबाईलच्या व संगणकाच्या साह्याने कसे करावे, आणि ते आपणच का केले पाहिजे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

दीक्षा घेतल्यानंतर माणसाच्या मनात जुने सारे फेकून देण्याचा विचार प्रथम येतो. तो स्वाभाविक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरास बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या जुने जीवन सोडण्यासाठीच दिल्या. देव्हारा गेला, जोहार गेला, येसकरकी गेली, हे योग्यच झाले. परंतु त्या उत्साहात काही घरांतून कागदही गेले. ज्या कागदावर जुन्या जातीचे नाव आहे, तो कागद बौद्धाच्या घरात कशाला, असे पुष्कळांस वाटते.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. घरातील कर्त्या पुरुषाने दीक्षा घेतल्यावर आपल्या वडिलांचा शाळेचा जुना दाखला चुलीत घातला. हेतू शुद्ध होता. पुढे त्यांची नात शिकली, तिला व्यावसायिक शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आणि जातवैधतेचा प्रश्न उभा राहिला. आजोबांच्याही मागच्या पिढीचा पुरावा मागण्यात आला. घरात एक चिठोरेही नव्हते. त्या मुलीचा बाप कित्येक महिने तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवीत होता. शेवटी एका खेड्यातील शाळेच्या जनरल रजिस्टरात ती नोंद सापडली. त्या पानाचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला होता. आणखी दोन पावसाळे गेले असते तर उरलेला अर्धाही गेला असता.

कायदा काय आहे तो नीट समजून घ्या. अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मागताना त्या तारखेच्या पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. बौद्धांचा समावेश केंद्राच्या त्या आदेशात १९९० सालच्या दुरुस्तीने झाला. तेव्हा धर्मांतराने आपला हक्क जात नाही. मात्र धर्मांतरापूर्वी आपले कुटुंब कोणत्या जातीत गणले जात होते हे दाखवून द्यावे लागते. ते कशाने दाखवाल? शाळेच्या निर्गम उताऱ्याने, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीने, ज्यास आपण कोतवाल बुक म्हणतो त्याने, फेरफाराने, जुन्या सातबाऱ्याने. ज्या कागदाची आपणांस लाज वाटते, तोच कागद आपल्या मुलाच्या हक्काची किल्ली होऊन बसतो.

आणि लाज कशाची? ज्याने अन्याय केला त्याने लाजावे. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा १९३५ साली केली. त्यानंतर १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते आणि १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण, ह्या प्रश्नांवर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केले. ज्या मनुष्याने जुने घर सोडण्याचा निश्चय केला होता, तोच त्या घराचा पाया खणून तपासत होता. गुलामगिरी टाकणे वेगळे आणि गुलामगिरीचा पुरावा टाकणे वेगळे. पुरावा टाकला तर उद्या तीच माणसे म्हणतील की असे काही घडलेच नव्हते.

आता जमिनीचा प्रश्न घ्या. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ सालचा आहे. त्या कायद्याने वतन गेले, परंतु आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदारास ती जमीन पुन्हा देण्याची तरतूद झाली आणि कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता किंवा वाटता येणार नाही अशी अट घालण्यात आली. आज सणसवाडीस आणि रांजणगावास कारखाने उभे आहेत, शिक्रापूरहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात, आणि जमिनीस सोन्याचा भाव आला आहे. अशा वेळी, ही जमीन आमच्या आज्याची होती, असे तोंडाने म्हणून न्यायालयात काही मिळत नाही. रक्कम भरल्याची पावती कोठे आहे? पुन्हा जमीन दिल्याचा हुकूम कोठे आहे? फेरफाराचा क्रमांक कोणता? महसूल खात्याने कित्येक ठिकाणचे जुने उतारे व फेरफार संगणकावर चढविले आहेत, हे चांगले झाले. पण सरकारी दप्तरात जे नाही ते तुमच्या पेटीत असू शकते, आणि पेटीतले कोणी चढविणार नाही. ते तुम्हीच चढवावयाचे आहे.

येथून थोड्याच अंतरावर कोरेगाव भीमा आहे आणि नदीपलीकडे पेरणे येथे तो स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी आले. दगडावर ती बावीस नावे नसती तर आपल्या आजोबांची ती हकिकत भाकडकथा ठरली असती. इंग्रजांनी ती नावे आपल्या लष्कराच्या गौरवासाठी कोरली. आपण आपल्यासाठी काय कोरले आहे? लढाईतून जे जिवंत परतले त्यांची नावे, त्यांच्या बायकामुलांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

डिसेंबर २०१७ मध्ये वढू बुद्रुक येथे एका समाधीच्या इतिहासाविषयी लावलेल्या फलकावरून तंटा झाला. त्यानंतर १ जानेवारी २०१८ रोजी ह्या भागात जे घडले ते आपणांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याची चौकशी करण्यास आयोग नेमला गेला आणि लोकांनी शपथपत्रे दिली. त्या वादात मी आज शिरत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की इतिहास हा आपल्या गावात केवळ पुस्तकी विषय नाही. त्यावरून घरे जळू शकतात. आणि घर जळते तेव्हा त्यातील पत्र्याची पेटीही जळते. तिच्यातील कागदांची प्रत दुसऱ्या गावी ठेवलेली असेल तर ते कुटुंब निदान पुराव्यावाचून उघडे पडत नाही.

हे दुःख आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेतील निग्रो बांधवांचा, ज्यांस आज आफ्रिकन-अमेरिकन म्हणतात, अनुभव ऐका. १८५० आणि १८६० सालच्या तेथील शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यांत मालकाचे नाव आणि त्याखाली गुलामाचे वय, लिंग व वर्ण लिहिलेला असे. गुलामाचे नाव बहुधा नसेच. १८७० च्या शिरगणतीत ही माणसे प्रथम नावानिशी आली. म्हणून आज एखादा निग्रो गृहस्थ आपल्या पूर्वजांचा शोध घेऊ लागला की १८७० च्या भिंतीवर त्याचे डोके आपटते. ती भिंत फोडण्यासाठी २०१५ व २०१६ साली हजारो स्वयंसेवकांनी मुक्त गुलामांसाठी नेमलेल्या खात्याचे दीडशे वर्षांपूर्वीचे हस्तलिखित कागद घरबसल्या संगणकावर वाचून त्यांतील नावांची सूची तयार केली. टल्सा नावाच्या शहरात १९२१ साली निग्रोंची अख्खी वस्ती जाळली गेली आणि त्यांच्या वर्तमानपत्राचे कार्यालयही राख झाले. त्या घटनेविषयी कित्येक वर्षे मौन पाळले गेले. राज्याने चौकशी मंडळ नेमले ते १९९७ साली आणि त्याचा अहवाल आला २००१ साली. तोवर वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या आणि घरोघरी जपलेली छायाचित्रे हाच मोठा आधार उरला होता.

याच संबंधात आपल्या अभिमानाची एक गोष्ट आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रोंचे थोर पुढारी डॉ. डुबॉईस यांस पत्र लिहिले. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती त्यांनी मागविल्या, आणि डुबॉईस यांनी आदराने उत्तर दिले. तो पत्रव्यवहार डुबॉईस यांच्या कागदपत्रांत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जपून ठेवला व संगणकावर उपलब्ध केला. म्हणूनच आज आपल्यातील कोणीही मुलगा शिक्रापुरात बसून बाबासाहेबांचे ते पत्र वाचू शकतो. परक्या देशातील ग्रंथालयाने जे आपल्या बाबासाहेबांसाठी केले, ते आपण आपल्या आईबापांसाठी करू नये काय?

आईचा उल्लेख केला तो मुद्दाम. सातबाऱ्यावर आईचे नाव क्वचितच असते. तिचे माहेर कोणते, दुष्काळात ती कोणत्या खडीकेंद्रावर गेली, कोणत्या पाणवठ्यावर तिला हाकलले, दीक्षेच्या दिवशी पांढरे पातळ तिने कोठून आणले, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली दिला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या पुणे जिल्ह्यातून आणि बाहेरूनही जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि आता त्या ध्वनिमुद्रणासह संगणकावर ऐकता येतात. ज्या बाईस सही करता येत नव्हती तिचा आवाज आज तिच्या पतवंडास ऐकू येतो.

आता हे काम कसे करावे ते सांगतो. कागदाचे छायाचित्र सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, पुढून आणि मागून घ्यावे. मागच्या बाजूचा शिक्का पुष्कळदा पुढच्या मजकुराहून मोलाचा असतो. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नये. आज छायाचित्र घ्या, उद्या वाचणारा भेटेल. कागदास प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये आणि चिकटपट्टी लावू नये. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. प्रत्येक छायाचित्रास गाव, कुटुंब, साल आणि विषय असे नाव द्यावे. तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेले चित्र लहान होऊन अस्पष्ट होते, म्हणून मूळ फाईल स्वतंत्र जपावी. वृद्धांची जबानी घेताना आरंभी त्यांचे नाव, वय, गाव, माहेर, तारीख आणि त्यांची संमती त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी.

वकील म्हणून दोन इशारे देतो. पहिला असा की प्रत आली म्हणून मूळ कागद टाकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही जुन्या कायद्याप्रमाणेच तीस वर्षांच्या जुन्या दस्तऐवजाविषयी न्यायालयास अनुकूल गृहीतक धरता येते. मात्र तो दस्तऐवज योग्य ताब्यातून आला पाहिजे. तुमच्या आजीची पेटी हा असा योग्य ताबा आहे. तो कागद पेटीतून निघून दहा हातांतून फिरला की त्याचे बळ कमी होते. मोबाईलमधील ध्वनिमुद्रणासही न्यायालयात कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. ज्या यंत्रावर मुद्रण झाले ते यंत्र म्हणूनच जपावे.

दुसरा इशारा असा की मूळ वस्तू कोणाच्याही हाती देऊ नका. माझ्या माहितीतल्या एका घरातून दीक्षेच्या वेळचे एकुलते एक छायाचित्र एक अभ्यासू गृहस्थ चार दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले; ते आजतागायत परत आले नाही. येणाऱ्याने तुमच्या घरी बसून प्रत घ्यावी, आणि ती कशासाठी वापरणार हे लिहून द्यावे. तसेच सर्वच कागद सर्वांसाठी खुले करू नयेत. चालू दाव्याचे कागद, आधार क्रमांक, अत्याचार सोसलेल्या भगिनीचे नाव, हे बंद कप्प्यात राहिले पाहिजे. काय खुले करावे हे ठरविण्याचा अधिकार त्या कुटुंबाचा आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, मी आपणांजवळ वर्गणी मागत नाही. येत्या पौर्णिमेपूर्वी प्रत्येक घराने एक पेटी उघडावी आणि एका म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसावे. शिकलेल्या मुलामुलींनी विहारात एक वही घालून कोणत्या घरी कोणता कागद आहे याची यादी करावी. पैसा मागाहूनही उभा करता येतो. पण आज नव्वदीत असलेली जी माणसे १९५६ साली वीस-बावीस वर्षांची होती, ती मागाहून भेटणार नाहीत. ती आहेत तोवर त्यांना विचारा.

जय भीम.