थ्रेस म्हणजेच विंचेस्टर

एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ऑकिन्लेक नावाचं एक जाडजूड हस्तलिखित आहे. ते 1330 च्या दशकातलं. त्यात 'सर ऑर्फिओ' नावाचं सुमारे सहाशे ओळींचं एक इंग्रजी कथाकाव्य आहे. त्याचा नायक ऑर्फिओ हा इंग्लंडचा राजा. हार्प वाजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याचा बाप प्लूटो राजाच्या कुळातला आणि आई जूनो राजाच्या कुळातली. होय, जूनो राजा! देवांच्या महाराणीला कवीने सरळ पुरुष करून टाकलं आहे. ऑर्फिओची राजधानी थ्रेस, आणि विंचेस्टरलाच त्या काळी थ्रेस म्हणत, असंही कवी छातीठोकपणे सांगतो.

लॅटिनच्या मास्तरांनी कान पिळावा अशा या चुका आहेत. पण चुका मोजत बसणारा या काव्याला मुकतो.

मूळ कथा व्हर्जिलने सांगितली, नंतर ओव्हिडने. ऑर्फियसची नवी नवरी युरिडिसी साप चावून मरते. तो पाताळात जाऊन गातो आणि मृत्यूच्या देवाला पाझर फोडतो. मागे वळून पाहायचं नाही, या अटीवर बायको परत मिळते. तो वळून पाहतो आणि ती कायमची जाते. इंग्रज कवीच्या गोष्टीत साप नाही. राणी हेरोडिस भर दुपारी एका कलमी झाडाखाली झोपते, तेव्हा परीलोकाचा राजा तिला बजावतो की उद्या याच जागी तुला न्यायला येईन. दुसऱ्या दिवशी हजार सरदार तिच्याभोवती कडं करून उभे राहतात आणि त्या कड्याच्या मधूनच ती नाहीशी होते. ऑर्फिओ राज्य कारभाऱ्याच्या हाती सोपवतो आणि हार्प घेऊन अनवाणी रानात जातो. दहा वर्षं जातात. एक दिवस साठ स्त्रिया ससाणे घेऊन शिकारीला आलेल्या दिसतात आणि त्यांत ती असते. दोघं एकमेकांना ओळखतात, पण बोलत नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी येताच बाकीच्या तिला तिथून घेऊन जातात.

तो त्यांच्या मागोमाग खडकातून आत शिरतो. परीराजासमोर हार्प वाजवतो आणि हवं ते मागण्याचं वचन मिळवतो. तो हेरोडिसला मागतो तेव्हा राजा मोडता घालतो, की तू असा काळवंडलेला, हाडं निघालेला, ती अशी निष्कलंक, हा जोडा शोभणार नाही. ऑर्फिओ उत्तरतो, की राजाच्या तोंडून खोटं ऐकणं त्याहून अशोभनीय. राजा गप्प होतो. मागे वळून न पाहण्याची अटच या काव्यात नाही. दोघं नीट घरी पोचतात. कवीने लॅटिन कथेचा कणा काढला आणि त्या जागी दिलेला शब्द पाळण्याची गोष्ट बसवली. शेवटी शब्दाची परीक्षा कारभाऱ्याचीही होते आणि तोही पास होतो.

प्रभावाचा अभ्यास बहुधा उसनवारीच्या वहीसारखा केला जातो. अमुक ओळ ओव्हिडची, तमुक उपमा व्हर्जिलची. ही वही ठेवावीच लागते, पण कवीने पोथीतलं काय गाळलं आणि काय बदललं, हे तिच्यात सहसा लिहिलेलं नसतं. खरी गंमत तिथे आहे.

ट्रॉयचंच पाहा. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये होमरचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, होमर मात्र कोणी वाचलेला नव्हता, कारण ग्रीक येत नव्हतं. खुद्द इटलीत पेट्रार्कपाशी होमरची ग्रीक प्रत होती, पण त्याला ती वाचता येत नव्हती. मग ट्रॉयची हकिकत कुणाकडून घ्यायची? डेरीज आणि डिक्टिस या दोघांकडून. आपण त्या युद्धात प्रत्यक्ष हजर होतो, असं सांगणारी त्यांच्या नावावरची लॅटिन पुस्तकं बनावट होती, पण मध्ययुगाने ती साक्ष म्हणून मानली. त्यांच्या आधारे 1160 च्या सुमारास बेन्वाने फ्रेंचमध्ये तीस हजार ओळींचं काव्य रचलं आणि 1287 मध्ये सिसिलीच्या ग्विदोने ते लॅटिन गद्यात आणलं. इंग्रज कवींचं ट्रॉय हे असं हातोहात आलेलं आहे.

इंग्रजांना तर ट्रॉय घरचंच होतं. मॉनमथच्या जेफ्रीने 1136 च्या सुमारास लिहिलेल्या इतिहासात ट्रॉयचा वीर ईनियस याचा पणतू ब्रूटस हाच ब्रिटनचा संस्थापक आहे आणि लंडन हे नवं ट्रॉय. म्हणून 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' हे हिरव्या सरदाराचं आणि नाताळातल्या पैजेचं अस्सल उत्तरेकडचं काव्य ट्रॉयच्या वेढ्यापासून सुरू होतं आणि 2530 ओळींनंतर तिथेच येऊन थांबतं. मधे ट्रॉयचा काही संबंध नाही. कीर्तनकार आख्यानाआधी नमन करतो, तसं ते आहे.

आता ज्याच्यापुढे लॅटिन पोथी खरोखरच उघडी होती, त्या जेफ्री चॉसरकडे येऊ. लंडनच्या दारूच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा 1374 पासून बंदरावर लोकरीच्या जकातीचा तपासनीस होता आणि ऑल्डगेट वेशीवरच्या खोल्यांत राहत होता. 'हाउस ऑफ फेम' या काव्यात त्याला उचलून आकाशात नेणारा गरुड त्याची खरडपट्टी काढतो: दिवसभर हिशेब करतोस आणि घरी गेल्यावर पुन्हा दुसऱ्या पुस्तकापुढे दगडासारखा मुका बसतोस, शेजारी काय चाललंय याचाही तुला पत्ता नसतो. नोकरदार वाचकाचं इतकं खरं चित्र क्वचितच सापडेल.

याच काव्याच्या पहिल्या भागात स्वप्नातल्या काचेच्या देवळात व्हर्जिलचं 'ईनिड' कोरलेलं आहे. व्हर्जिल ठाम स्वरात सुरुवात करतो, तर चॉसर हे आपल्याला जमेल ना, अशी शंका आरंभीच घालून ठेवतो. पुढे त्याचा तोल मुद्दाम जातो. बारा सर्गांच्या महाकाव्याच्या या सारांशात निम्म्याहून अधिक ओळी एकट्या डायडोच्या आहेत. ईनियसला आसरा देणारी, त्याच्यावर जीव टाकणारी आणि तो निघून गेल्यावर मरण पत्करणारी ही कार्थेजची राणी. व्हर्जिलच्या लेखी ईनियसला जाणं भाग होतं, कारण रोम उभं राहायचं होतं. ओव्हिडने 'हेरॉइडीज'मध्ये डायडोलाच पत्र लिहायला लावून तिची बाजू मांडली होती. चॉसर दोघांची नावं घेतो, पण डायडोच्या विलापापाशी येताच सांगतो, की याला आपण दुसऱ्या कोणाचा आधार देत नाही. मध्ययुगात आधाराशिवाय बोलणं म्हणजे लेखकाने पत घालवणं. तो ते धाडस नेमकं इथे करतो. विलापात डायडो आपल्या बदनामीवर रडते, आणि काव्याचा विषयच मुळी कीर्ती. हे रोममधून उसनं आणलेलं नाही.

पुढे कीर्तीच्या महालात खांबांवर कवी उभे आहेत: व्हर्जिल कल्हई केलेल्या लोखंडावर, ओव्हिड तांब्यावर, होमर आणि डेरीज लोखंडावर. तिथे एक कुजबुज ऐकू येते, की होमर ग्रीकांची बाजू घेऊन खोटं लिहितो. त्यांच्याच रांगेत लोलियस नावाचा एक ग्रंथकार आहे. हा लोलियस कधी झालाच नाही. होरेसने लोलियस मॅक्सिमस या मित्राला पद्यपत्र लिहिलं, त्यात ट्रॉयच्या युद्धाचा लेखक म्हणून होमरचा उल्लेख आहे. ती ओळ कोणीतरी चुकीची वाचली आणि लोलियसच ट्रॉयचा सर्वांत थोर लेखक ठरला, असा अभ्यासकांचा तर्क आहे. चॉसर 'ट्रॉइलस अँड क्रिसिड' या 8239 ओळींच्या काव्यात याच लोलियसचा हवाला देतो. खरा आधार बोकाचिओचा, पण त्याचं नाव तो एकदाही घेत नाही. मागच्या पिढीतल्या इटालियनापेक्षा कल्पित रोमनाचं वजन जास्त!

ओव्हिडशी मात्र त्याचा सलगीचा व्यवहार आहे. 'बुक ऑफ द डचेस' हे 1368 मध्ये मरण पावलेल्या लँकेस्टरच्या डचेस ब्लांशच्या स्मरणार्थ लिहिलेलं काव्य. त्यातल्या निवेदकाला झोप येत नाही, म्हणून तो सीइक्स आणि अल्सिओनीची कथा वाचतो. राजा समुद्रात बुडतो. राणीला ते स्वप्नात कळावं म्हणून जूनो निद्रेच्या गुहेत दूत पाठवते. दूत मॉर्फियसच्या कानात ओरडतो आणि देव एक डोळा किलकिला करून विचारतो, कोण हाक मारतंय. निवेदकाला ही युक्ती भलतीच पटते आणि झोप मिळाली तर पिसांची गादी अर्पण करीन, असा नवस तो बोलतो. या हसण्यामागे एक गाळलेली जागा आहे. ओव्हिडच्या कथेत नवरा-बायको पक्षी होऊन पुन्हा एकत्र येतात. चॉसरची राणी तिसऱ्या दिवशी मरते आणि कथा संपते. ब्लांशच्या नवऱ्यापुढे ती पाखरं उडवणं त्याला खोटं वाटलं असावं.

चॉसरच्या कथांमधली एक निवेदिका, बाथची बायको, मायडस राजाची गोष्ट सांगते तेव्हाही असंच घडतं. राजाचे कान गाढवाचे झाल्याचं ओव्हिडच्या कथेत फक्त न्हाव्याला माहीत असतं आणि ते गुपित त्याच्या पोटात राहत नाही. बाईंच्या गोष्टीत न्हावी नाहीच. राजाची बायको दलदलीकडे धावत जाते आणि पाण्याला तोंड लावून गुपित सांगून मोकळी होते. बायकांच्या पोटात काही राहत नाही, हे खुद्द बाईच सांगते आहे. मग ती म्हणते, की पुढचं ओव्हिडमध्ये वाचा. वाचणाऱ्याला तिथे भेटतो तो पुरुष. ज्या बाईने नवऱ्याच्या दुष्ट स्त्रियांच्या पोथीची पानं फाडली आणि त्यापायी मार खाऊन एका कानाने बहिरी झाली, तिच्या तोंडी ही गोष्ट घालणं म्हणजे वाचकासाठी लावलेला सापळा आहे.

चॉसरचा मित्र जॉन गॉवर याने 1390 च्या सुमारास 'कन्फेसिओ अमांटिस'च्या तेहतीस हजार ओळींत ओव्हिडच्या अनेक कथा नीटनेटक्या सांगितल्या. तो चॉसरपेक्षा विश्वासू आणि म्हणूनच थोडा सपक आहे. लंडनच्या सदर्क कॅथीड्रलमध्ये त्याचा पुतळा आपल्याच तीन ग्रंथांची उशी करून निजला आहे: एक लॅटिन, एक फ्रेंच, एक इंग्रजी.

1513 मध्ये स्कॉटलंडच्या गेविन डग्लसने 'ईनिड'चं संपूर्ण भाषांतर केलं. प्रस्तावनेत त्याने चॉसरविरुद्ध तक्रार गुदरली, की याने ईनियसला वचनभंग करणारा ठरवून व्हर्जिलवर अन्याय केला. मग त्याला माफही केलं, कारण चॉसर पडला सदैव बायकांचा कैवारी. डग्लसची ही तक्रार रास्त होती का, हे ठरवायला फार ग्रंथ लागत नाहीत. 'ईनिड'चा चौथा सर्ग आणि 'हाउस ऑफ फेम'चा पहिला भाग, दोन्ही मिळून बाराशेच्या आसपास ओळी होतात. भाषांतरातून का होईना, एका सुट्टीच्या दुपारी ते शेजारी शेजारी ठेवून वाचा.