मोडेमचं दुसरं दार

गोष्ट २००७ सालची. धाकटा भाऊ सहकुटुंब दुबईला गेला होता. जाताना घरच्या जुन्या संगणकावर उबुंटू नावाचं लिनक्स बसवून गेला. ते फुकट मिळतं आणि माझ्या मराठी कविता त्यावर लिहिता येतात, एवढंच मला ठाऊक. पुढं त्याला मुलगी झाली. नातीचा फोटो पाहायचा म्हणून अम्मीनं धोशा लावला आणि आम्ही ब्रॉडबँड घेतलं.

जोडणीला आलेल्या मुलानं मोडेमची यूएसबी वायर संगणकाला लावली, सीडी घातली आणि मान हलवली. "साहेब, हे लिनक्स काढा, विंडोज टाका. यात नेट चालत नाही." त्यासाठी तो डिस्क पुसणार होता. तीत माझ्या दोन वर्षांच्या कविता होत्या. मी नको म्हणालो. "हे यात चालत नाही" हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. "तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?" असं विचारणाऱ्यांकडून ते मी निराळ्या शब्दांत ऐकत आलोय.

रात्री भावाचा फोन आला. मिनिटामिनिटाला पैसे पडत होते, म्हणून त्यानं मोजकंच विचारलं, "भाई, मोडेमला मागं अजून एक भोक आहे? फोनच्या पिनेपेक्षा जरा रुंद?"

होतं. त्यात बसणारी वायरही खोक्यात तशीच पडून होती.

कारण साधं होतं. यूएसबीनं जोडलेल्या मोडेमशी बोलायला त्याचा खास दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सीडीतला ड्रायव्हर फक्त विंडोजपुरता होता. दुसरं भोक इथरनेटचं. इथरनेटचे नियम सर्वांना खुले आणि सारखे. संगणकात त्याचं कार्ड असलं, की पलीकडे विंडोज आहे की लिनक्स, याची मोडेमला पंचाईत नसते.

वायर बदलली. डीएसएलचा दिवा लुकलुकून स्थिर झाला. टेलिफोनच्या तारेवरून एक्सचेंजशी गाठ पडल्याची ती खूण. आमच्या मोडेमच्या मांडणीत नाव-पासवर्ड देऊन आत शिरायचं काम संगणकानंच करायचं होतं. म्हणून टर्मिनलची खिडकी उघडून भावानं सांगितलेली 'सुडो पीपीपीओईकॉन्फ' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाकली. तिनं कार्ड शोधलं, नाव विचारलं, पासवर्ड विचारला. बाकी प्रश्नांना मी 'होय' म्हणत गेलो. पहिल्यांदा पासवर्डातलं मोठं अक्षर लहान पडलं. दुसऱ्यांदा जमलं.

फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरला. २००४च्या सरकारी धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड! आधी टोपडं दिसलं, मग कपाळ, मग डोळे. अम्मी पडद्याला बोट लावून म्हणाली, "नाक आपल्या घरचंच आहे."

आता घरात वायफाय आहे, तो प्रश्न उरला नाही. तरी कुणी "हे काढून टाका, चालणार नाही" म्हणालं, की मी आधी यंत्र फिरवून मागची बाजू पाहतो.